केसपेपरवरचा लाल शेरा: रुग्णालयांत काम करणाऱ्यांना खुले पत्र

रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा आणि औषधांच्या दुकानांत काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

नशेचे पदार्थ टोचून घेणाऱ्या माणसांना होणारे संसर्ग आणि त्या संसर्गांना चिकटलेला कलंक हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल काय आहे, हे विचारायला आम्ही लिहीत नाही. मने सावकाश बदलतात. केसपेपर, शस्त्रक्रियेची यादी आणि ड्रेसिंगचा ट्रे मात्र आजच्या आज बदलता येतात. कलंकाचा मोठा भाग तिथेच, कामाच्या रीतीत मुरलेला असतो, आणि मनाने चांगला माणूसही ती रीत पाळता पाळता रुग्णाला दूर लोटतो. म्हणून बोलू या ते रीतीबद्दलच.

सुरुवात लाल शाईपासून. खाटेच्या डोक्याशी किंवा केसपेपरच्या कोपऱ्यात 'एचसीव्ही पॉझिटिव्ह', 'एचआयव्ही' असे ठळक लिहायचे, त्याने कर्मचारी सुरक्षित राहतात, असे सांगितले जाते. ते खरे नाही. हिपॅटायटिस सी (यकृताला बाधणारा आजार, एचसीव्ही हा त्याचा विषाणू) असलेल्या बहुतेकांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही, आणि जगभरात तो असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. नवा संसर्ग असेल तर अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) शोधणारी तपासणी निगेटिव्ह येते: एचआयव्हीत साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीमध्ये बहुधा दोन ते तीन महिने. मग ज्याच्या कागदावर शेरा नाही त्याच्या रक्ताला हात लावायला हरकत नाही, असा चुकीचा दिलासा हा शेरा देतो. प्रत्येकाच्या रक्ताबाबत सारखीच काळजी घ्यायची, हा नियम १९८० च्या दशकात एड्सच्या साथीमुळेच आला. तो पाळला तर शेऱ्याची गरज उरत नाही, आणि पाळला नाही तर शेरा वाचवत नाही. एकावर एक दोन हातमोजे चढवायचे आणि त्याच हातांनी वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचे, यात भीती भरपूर आहे, काळजी मात्र नाही. सुई टोचण्याचे कितीतरी अपघात या टोपण लावण्यातच होतात. सुया टाकायचा कडक डबा खाटेपाशी, हाताच्या अंतरावर हवा आणि तीन चतुर्थांश भरला की बदलायला हवा. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला डबा म्हणजे हातात उघडी सुई घेऊन चाललेली सिस्टर.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण तिला आकडे असावेत. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे १००० पैकी ३. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी १०० पैकी सुमारे २ सांगत. अलीकडच्या अभ्यासांत ती १००० पैकी २ च्या आसपास निघाली आहे. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र १०० पैकी ६ ते ३० इतकी असते, आणि त्यावर उत्तम लस आहे. ज्या रुग्णालयाला टोचून घेणाऱ्या रुग्णांची धास्ती आहे, त्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या ० , १ आणि ६ महिन्यांच्या तीन मात्रा पुऱ्या झाल्या का, हे आधी पाहावे, सफाई कामगारांच्याही. सुई टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, ब्लीच लावायचे नाही. लगेच कळवायचे. एचआयव्हीविरुद्धची औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस सीसाठी असे प्रतिबंधक औषध नाही, पण तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए तपासणी (रक्तात खुद्द विषाणू आहे का हे पाहणारी) करून संसर्ग झालाच असेल तर तो बरा करता येतो. ही चार-पाच वाक्ये प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर हवीत. जिथे ती माहीत असतात तिथे रुग्णाकडे पाहण्याची नजरही सैलावते.

आता त्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ पाहू. हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी ही शरीराची जुनी नोंद आहे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. बाकीच्यांचा औषधाने जातो. दोन्हींत अँटीबॉडी तशीच राहते, बहुतेकांत आयुष्यभर. म्हणजे पूर्ण बरा झालेला माणूसही प्रत्येक नव्या दवाखान्यात पुन्हा 'पॉझिटिव्ह' ठरतो, पुन्हा बाजूला बसवला जातो. उपाय अगदी साधा आहे. केसपेपरच्या आतल्या पानावर, वैद्यकीय इतिहासाच्या जागी लिहा: 'अँटीबॉडी आहे, आरएनए आढळला नाही', आणि तपासणीची तारीख. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर तो माणूस बरा झाला. पुढे पुन्हा संसर्ग झाला का, हे पाहायलाही आरएनएच लागतो. अँटीबॉडी तपासणी पुन्हा पुन्हा करणे म्हणजे निव्वळ रक्त आणि पैसे वाया घालवणे. एचआयव्हीचेही तसेच. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की शारीरिक संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. हे आता पक्के सिद्ध झालेले आहे, तरी अनेक वॉर्डांत अशा रुग्णाचा पाण्याचा पेला वेगळा ठेवतात. पेल्यातून एचआयव्ही कधीच जात नव्हता.

शस्त्रक्रियेच्या यादीत अशा रुग्णाचा नंबर शेवटचा लावण्याची प्रथा आमच्या मते सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. कारण दिले जाते निर्जंतुकीकरणाचे. पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना ३ मिनिटे ठेवलेल्या अवजारांवर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी यांपैकी काही टिकत नाही. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये जी सफाई कोणत्याही रुग्णानंतर व्हायलाच हवी, तीच इथेही पुरते. जर ती पुरत नसेल, तर तपासणी न झालेल्या रुग्णांनंतर टेबलावर जाणाऱ्या सगळ्यांनाच धोका आहे, आणि मग प्रश्न यादीचा राहत नाही.

शेवटच्या नंबराचा परिणाम बघा. रुग्ण रात्रीपासून उपाशी. आधीच्या शस्त्रक्रिया लांबतात, दुपारी त्याची रद्द होते, उद्यावर जाते. हेरॉइन वापरणाऱ्याला शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते २४ तासांत विथड्रॉवल, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, सुरू होतो. वापरणारे त्याला टर्की म्हणतात. जांभया, नाक-डोळे वाहणे, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे, जिवाची तगमग. मेथाडोन (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली दिले जाणारे औषध) घेणाऱ्याला तो उशिरा लागतो पण जास्त दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशीही शस्त्रक्रिया टळली की माणूस सलाईन काढून निघून जातो. केसपेपरवर शेरा पडतो: 'रुग्ण असहकार्य करतो, सल्ल्याविरुद्ध गेला.' पुढच्या वेळी तो येतो तेव्हा हा शेरा त्याच्या आधी पोचलेला असतो.

इथे करायचे काय, हे नवे नाही. दाखल होतानाच विचारा: काय घेता, किती, कसे, शेवटचे केव्हा. बंद दाराआड विचारा आणि का विचारता ते सांगा: 'तुम्हाला त्रास सुरू होण्याआधी औषध देता यावे म्हणून.' विथड्रॉवल मोजायच्या ठरलेल्या गुणपद्धती आहेत. दर काही तासांनी गुण लिहा, जसा ताप लिहिता. मेथाडोन किंवा त्याच कामाचे ब्युप्रेनॉर्फिन आधीपासून चालू असेल तर त्या केंद्राला फोन करून मात्रा आणि शेवटच्या डोसची तारीख पक्की करा आणि तीच चालू ठेवा. चालू नसेल तर सुरू करण्याचा विचार पहिल्या दिवशीच करा. एक खबरदारी: अंगात हेरॉइन किंवा मेथाडोन अजून पुरेसे असताना ब्युप्रेनॉर्फिन दिले तर विथड्रॉवल एकदम उसळतो, म्हणून लक्षणे स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचे आणि लहान मात्रेने सुरुवात करायची. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी रोजचे मेथाडोन पुरत नाही. ते शरीराची नेहमीची गरज भागवते. वेदनाशामक त्यावर वेगळे द्यावे लागते, आणि सवय झालेल्या शरीराला ते इतरांपेक्षा जास्त लागू शकते. 'हा औषध मिळवायला ओरडतो' असे म्हणण्याआधी टाके कुठे आहेत ते पाहावे.

मेथाडोनवरून आणखी एक गोष्ट. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यकृतात मेथाडोनचे विघटन फार वेगाने करवते. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत तीच मात्रा अपुरी पडू लागते आणि रुग्ण सांगतो, 'डोस पुरत नाही.' त्याला उत्तर मिळते, 'नाटके करू नकोस.' तो एक तर क्षयाच्या गोळ्या बंद करतो, नाहीतर पुन्हा सुईकडे वळतो. एचआयव्हीच्या औषधांपैकी एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरॅपिननेही हेच होते. मेथाडोनची मात्रा लक्षणे पाहत वाढवावी लागते; आणि रिफाम्पिसिन संपल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ती हळूहळू खाली आणावी लागते, नाहीतर तीच वाढवलेली मात्रा श्वास मंदावते. क्षयाची गोळी एका इमारतीत आणि मेथाडोन दुसऱ्या, अशी व्यवस्था असेल तर निदान दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचे फोन नंबर तरी ठेवावेत.

रक्त काढणे ही बाहेरून किरकोळ वाटणारी गोष्ट. अनेकांचा दवाखान्याशी संबंध तिथेच तुटतो. वर्षानुवर्षे टोचून शिरा कडक झालेल्या असतात, काही बुजलेल्या असतात. कोणती शीर चालते हे त्या माणसाइतके कुणालाच माहीत नसते, तेव्हा पहिला प्रश्न त्यालाच विचारा. पाणी प्यायला द्या, हात खाली सोडायला सांगा, उबदार कापड दहा मिनिटे ठेवा, बारीक फुलपाखरी सुई घ्या. एकाने दोनच प्रयत्न करावेत, मग दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावे. प्राथमिक तपासणीला बोटाचा थेंब पुरतो. तिथे शिरेचा हट्ट कशाला? आणि हात पाहून मारलेला 'काय करून घेतलंस हे' हा शेरा रक्तापेक्षा जास्त काही काढून घेतो: पुढची भेट.

कारण पुढची भेट चुकते तेव्हा गळू घरीच दाबले जाते, ब्लेडने फोडले जाते. टोचलेल्या जागेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल, जागा दिसते त्यापेक्षा खूपच जास्त दुखत असेल किंवा त्वचा काळपट पडत असेल, तर ते तासांत बिघडणारे प्रकरण आहे. टोचून घेणाऱ्या माणसाचा ताप 'टर्कीचा' म्हणून सोडून देणे ही आम्हाला माहीत असलेली सर्वांत घातक घाई. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सुईबरोबर शिरेत जातो, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर बसतो, तिथून त्याच्या गुठळ्या फुप्फुसात उडतात. रुग्ण खोकला आणि छातीत दुखते म्हणून येतो आणि न्यूमोनिया समजून परत पाठवला जातो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांहून रक्ताची कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्या, तीन संच, आणि हृदयाची सोनोग्राफी करा. पुढे चार ते सहा आठवडे शिरेतून औषध लागते, आणि तेवढे दिवस हा माणूस राहील का, अशी शंका घेऊन काही ठिकाणी उपचारच अर्धा केला जातो. विथड्रॉवल सांभाळला तर पुष्कळजण राहतात. जे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी डाल्बाव्हान्सिनसारखी आठवडाभर आणि त्याहून अधिक टिकणारी इंजेक्शने आहेत, निवडक रुग्णांत पुढचा कोर्स गोळ्यांवरही नेता येतो. माणूस निघालाच, तर रिकाम्या हाताने जाऊ नये: गोळ्या, कधी परत यायचे त्याची चिठ्ठी, आणि नशेच्या अतिमात्रेवरचा उतारा, नॅलोक्झोन. 'सल्ल्याविरुद्ध गेला' म्हणून औषध न देणे ही शिक्षा आहे, तिला वैद्यकीय आधार काही नाही.

औषधदुकानदारांशी दोन शब्द. एखाद्याला सिरिंज नाकारली की तो नशा सोडत नाही; जी हाताशी असेल ती वापरतो. सुई सुटी करता येणाऱ्या नेहमीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही सुमारे ८४ मायक्रोलिटर द्रव मागे उरतो. सुई पक्की बसवलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये सुमारे २. त्या उरलेल्या द्रवात रक्त असते. प्रयोगशाळेत अशा मोठ्या पोकळीच्या सिरिंजमध्ये हिपॅटायटिस सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. आणि सुई स्वतःची असली तरी पुरत नाही. एकाच झाकणात विरघळवलेला माल, एकाच भांड्यातले पाणी, एकच कापसाचा बोळा, यांतूनही हा विषाणू पसरतो. पाण्याने खळखळून धुणे किंवा ब्लीच यांवर विसंबता येत नाही. दर वेळी नवी सुई, निर्जंतुक पाण्याची छोटी कुपी, स्वतःचे भांडे आणि गाळायला स्वतःचा कापसाचा बोळा हवा. स्पिरिटचा बोळा टोचण्याआधी लावून जागा वाळू द्यायची; नंतर मात्र कोरडा कापूस, कारण स्पिरिटने रक्त थांबायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत दर टोचून घेणाऱ्या माणसामागे वर्षाला ३०० सुया-सिरिंज पोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जुनी परत आणली तरच नवी, असा हट्ट धरला की ते अशक्य होते: वापरलेली सुई खिशात घेऊन रस्त्याने जाणे हीच पकडले जाण्याची भीती असते. त्या भीतीपायी लोक घाईत, अंधारात, मिळेल त्या पाण्याने टोचतात. १९८४ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये सुयांची अदलाबदल सुरू झाली ती नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने, हिपॅटायटिस बी पसरत असताना. आपल्या आरोग्याची पर्वा नसलेली माणसे, हा समज तेव्हाही चुकीचाच होता.

'आधी सहा महिने नशा सोडा, मग हिपॅटायटिस सीचे औषध देऊ' ही अट अजूनही ऐकू येते. इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात, जेव्हा २४ ते ४८ आठवडे इंजेक्शने घेऊन साधारण निम्मेच बरे होत, तेव्हा डॉक्टर बिचकत हे समजू शकते. २०१३ मध्ये सोफोस्बुव्हिर ही गोळी आली आणि चित्र पालटले. आता ८ किंवा १२ आठवडे गोळ्या, ९५ टक्क्यांहून अधिक बरे होतात, आणि टोचणे चालू असलेल्यांतही निकाल जवळपास तितकेच चांगले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात नशा सोडण्याची अट नाही. शिवाय साथ तोडायची तर ज्याच्याकडून संसर्ग पुढे जाऊ शकतो त्यालाच आधी औषध द्यायला हवे. अट नेमके त्यालाच रांगेबाहेर काढते. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायला विसरू नका, कारण सीचा विषाणू हटल्यावर दबलेला बी उसळू शकतो. बी नसेल तर लस त्याच भेटीत टोचा. ० , ७ आणि २१ दिवसांचा जलद क्रम आहे, बारा महिन्यांनी चौथी मात्रा; पुन्हा येईल की नाही याची खात्री नसलेल्यांसाठी तो बरा. बरे झाल्यावर पुन्हा संसर्ग झाला तर पुन्हा औषध. न्यूमोनिया दुसऱ्यांदा झालेल्याला कुणी 'आता नाही देणार' म्हणत नाही.

स्त्रियांना या सगळ्यात दुप्पट कठोरपणे वागवले जाते. मूल हिरावून घेतले जाईल या भीतीने गर्भवती बाई दवाखान्यात येत नाही, आणि मग एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी बाळाकडे जाऊ नये म्हणून जे सहज करता आले असते तेही राहते. हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत लागते. हिपॅटायटिस सी असलेल्या आईने स्तनपान द्यायला हरकत नाही. स्तनाग्रे फुटून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबावे. हे तिला कुणीतरी, न खेकसता, सांगायला हवे.

तपासणी संमतीनेच व्हावी, निकाल त्या व्यक्तीलाच, एकटीला सांगावा. सोबत आलेल्या भावाला नाही, खिडकीतून ओरडून नाही.

प्रशासकांकडे शेवटची मागणी. एका दिवसाच्या संवेदना प्रशिक्षणावर आमचा फारसा विश्वास नाही. चहा चांगला असतो आणि सोमवारी सगळे पूर्ववत. त्याऐवजी तीन गोष्टी मोजा, दर महिन्याला: टोचून घेणाऱ्या रुग्णांपैकी किती जण उपचार अर्धा टाकून गेले, त्यांतल्या किती जणांना पहिल्या दिवशी विथड्रॉवलचे औषध मिळाले होते, आणि संसर्गाच्या कारणाने किती शस्त्रक्रिया यादीच्या शेवटी ढकलल्या किंवा रद्द झाल्या. आकडे विभागप्रमुखांच्या बैठकीत वाचा. स्वतः नशा केलेली माणसे पगारी कर्मचारी म्हणून वॉर्डात नेमा. कोणत्या सिस्टरच्या पाळीला रुग्ण पळतात हे ती तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगतील. आणि खाटांवरच्या त्या पाट्या काढायला समिती नेमू नका. एक परिपत्रक पुरते, त्याखाली अधीक्षकांची सही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत कुणीतरी प्रत्येक खाटेच्या डोक्याशी पाहून यायचे.

आपले,
सुई-सिरिंज केंद्रांवर, मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन दवाखान्यांत आणि हिपॅटायटिस-एचआयव्ही तपासणीच्या कामात असलेले आम्ही